दोन स्वतंत्र वाचक

"तुम्ही दोघं एकाच ताटात जेवता की काय गं?"

मेलेनाइतेनं हे विचारलं तेव्हा मी कॉफीच्या टपरीवरच्या रांगेतून नुकतीच बाहेर पडले होते आणि पेल्याचं झाकण नीट बसत नव्हतं म्हणून वैतागले होते. बंदरावरचा वारा केस डोळ्यांत घालत होता. तिनं सहज विचारलं होतं, चिडवायला. तिला काय ठाऊक? ती टोंगाहून या बैठकीसाठी आठवड्यापूर्वी वेलिंग्टनला आलेली. मी तिच्या लेखी इथल्या एका कंपनीतली नायरी आणि फर्गस म्हणजे मेलबर्नच्या दुसऱ्या एका कंपनीतला फर्गस. आडनावं वेगळी, शहरं वेगळी, देश वेगळे. तरी मी अशी काही दचकले की हातावर कॉफी सांडली आणि ती गरम आहे हेसुद्धा जरा उशिरानंच कळलं. "का गं, असं का विचारतेस?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. "अगं, काल दिवसभर मी माझा प्रोग्राम तुमच्या दोघांच्या प्रोग्रामांना जोडून बघत होते," ती म्हणाली. "दोघंही माझ्याशी भांडतात. बरं, भांडा, माझी ना नाही. पण दोघं एकाच जागी भांडतात, आणि भांडण्याची तऱ्हाही एकच. तोंड फुगवून गप्प बसतात मेले. माझ्या नवऱ्याची आई आणि तिची बहीण अशा बसायच्या, पण त्या निदान एका घरात वाढल्या होत्या."

मी तिला म्हटलं, आपण ज्यावरून प्रोग्राम लिहिले त्या नियमांच्या मसुद्यात तसंच आहे. ती म्हणाली, कुठाय, दाखव. आणि वाऱ्यात उभ्या उभ्या फोनवर मसुदा उघडून मी तिला दाखवायला गेले तर दाखवण्यासारखं तिथं काही नव्हतंच. निरोपाचं प्रकरण जेमतेम अर्ध्या पानाचं. दोन संगणकांचं बोलणं संपलं की एकानं दुसऱ्याला निरोप पाठवावा, दुसऱ्यानं त्याची पोच द्यावी, मग दोघांनी त्या बोलण्यासाठी अडवून ठेवलेली जागा मोकळी करावी. झालं. पोच आलीच नाही तर काय करायचं, याबद्दल मसुदा लिहिणारे पर्थचे विद्वान अवाक्षर बोललेले नाहीत. मेलेनाइतेच्या प्रोग्रामला पोच मिळाली नाही की तो निरोप पुन्हा पाठवतो, असं तीनदा करतो, आणि मग सरळ जागा मोकळी करून आपल्या कामाला लागतो. माझा प्रोग्राम निरोप एकदाच पाठवतो आणि वाट बघत बसतो. फर्गसचाही तेच करतो. समोरच्यानं पुन्हा विचारलं तर दोघंही ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मी हे असं का लिहिलं? कुठं वाचलं? कुठंच नाही. मला ते उघड वाटलं होतं. एकदा सांगून झालंय ना, मग पुन्हा पुन्हा काय टुमणं लावायचं, असं काहीतरी.

"हे बघ," मेलेनाइते म्हणाली, आणि आता तिच्या आवाजातली थट्टा गेली होती, "आमच्याकडे चाचणीसाठी एका लांबच्या बेटावरच्या दवाखान्यात तुमच्या कंपनीचा संदेश पाठवायचा डबा बसवलाय आणि राजधानीत त्या फर्गसच्या कंपनीचा. मधे उपग्रह. ढग आले की चारातली एक पोच वाटेत हरवते. मग तुमचा डबा त्याची वाट बघतो, त्याचा तुमची. बोलणी संपलेली, पण एकही मिटलेलं नाही. लहानसा डबा तो, त्यात जागा किती असणार? भरला. दुपारभर तिथून एक संदेश बाहेर पडला नाही. नर्सबाई बाळंतिणीचं रक्त थांबत नाही म्हणून डॉक्टरला विचारतेय, विचारतेय, आणि तुमचा डबा रुसून बसलाय. शेवटी बाळंतिणीला मोठ्या दवाखान्यात न्यायला होडीत घातलं. वाचली. नावाडी चांगला होता म्हणून वाचली." तिनं आपला पेला चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "आज तो मसुदा पक्का झाला ना, की जगभर लोक तुमचंच बघून लिहितील. नमुने तेच आहेत म्हणा ना. मी बैठकीत बोलणार आहे, पण माझं कोण ऐकणार? दोन स्वतंत्र प्रोग्राम एकमेकांशी जुळतात आणि तिसरी माझी एकटीची तक्रार. म्हणतील, बाई, तूच नीट वाचलं नाहीस." एवढं बोलून ती पुढं निघून गेली, तिला कुणाला तरी गाठायचं होतं. मी पाण्याच्या कडेनं सभागृहाकडे चालायला लागले, खरं तर जाऊ नये असं वाटत असताना.

आमच्या धंद्यातला नियम असा की नुसता कागद पुरेसा नाही. दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांचं न बघता, फक्त मसुदा वाचून दोन प्रोग्राम लिहायचे आणि ते एकमेकांशी बोलले पाहिजेत. बोलले, तर कागद चोख. फार शहाणा नियम आहे, मी तरुण पोरांना शिकवतानाही मोठ्या तोऱ्यात सांगते. मसुद्यात 'केलंच पाहिजे' असतं, 'करावं' असतं, 'केलं तरी चालेल' असतं. नवखा माणूस त्या शब्दांना घाबरतो. घाबरायचं ते मसुदा जिथं गप्प आहे तिथं. कारण तिथं वाचणारा थांबत नाही. त्याला वाटतं आपण अजून वाचतोच आहोत, आणि तो आपल्या घरातलं काहीबाही तिथं आणून ठेवतो आणि पुढं जातो. मी हे वाक्य कितीदा बोललेय. लोक मान डोलावतात, मीही खूश होते. आणि माझ्या स्वतःच्या घरातलं मी काय आणून ठेवलं होतं ते मला काल रात्री नाही, आज सकाळी नाही, एका टोंगन बाईनं सासूचा दाखला दिल्यावर दिसलं. मला स्वतःचा असा संताप आला की वाटेतल्या बाकाला लाथ घालावी. घातली नाही, कारण बाकावर एक म्हातारा बसला होता.

इथल्याच आयलंड बेच्या घरात आम्ही अकरा वर्षं राहिलो, मी आणि फर्गस. भांडलो असं मला आठवत नाही. लोक म्हणायचे, किती छान, आवाज चढत नाही तुमच्या घरात. कसा चढेल? एकजण काहीतरी बोलायचा, दुसरा गप्प. मग पहिलाही गप्प. मी वाट बघायची त्यानं विचारावं म्हणून आणि तो वाट बघायचा मी सांगावं म्हणून, आणि त्यातच जेवणं व्हायची, कपडे वाळायचे, मांजर म्हातारं होऊन मेलं. तो गेला त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून चमच्यानं फीजोआ, ती हिरवी आंबटगोड फळं, पोखरत होते. शेजारणीनं टोपलीभर आणून दिले होते, खाऊन खाऊन जीव विटला होता, तरी पोखरत होते. दारातून तो म्हणाला, "मी निघतो मग." ऐकलं मी. चांगलं स्वच्छ ऐकलं. मी काहीच बोलले नाही, कारण तो परत म्हणेल असं वाटलं, जरा मोठ्यानं म्हणेल, आणि मग मी वळेन. तो परत म्हणाला नाही. खिडकीतून गाडी दिसत होती. तो आत बसला होता आणि गाडी चालू करत नव्हता. किती वेळ, कोण जाणे. मला वाटलं, हा उतरेल. त्याला काय वाटत होतं ते मला आज, या पाण्याच्या कडेला, बरोबर ठाऊक आहे, कारण त्याचा प्रोग्राम मी काल चालताना पाहिलाय. मग गाडी गेली आणि मी फीजोआची सालं खतात टाकली.

गेल्या वर्षी अशाच एका बैठकीत आमचे दोन प्रोग्राम पहिल्यांदा जोडले. पहिल्याच फटक्यात चालले, एक अक्षर बदलावं लागलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असं कधी होत नाही. पहिल्या दिवशी सगळे कपाळावर हात मारून घेतात, हेच रीतीला धरून असतं. आम्ही दोघांनी परक्यासारखे हात मिळवले. आमचं लग्न झालं होतं हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलंही नाही. त्यात सांगण्यासारखं काय? एकमेकांचं लिहिलेलं आम्ही पाहिलं नव्हतं, ही शंभर टक्के खरी गोष्ट. आणि मला त्या रात्री फार बरं वाटलं होतं, आता लाज कशाला धरायची. वाटलं, संसार जमला नाही पण वाचता दोघांना येतं. निदान एका गोष्टीत आमचं एकमत आहे आणि त्याला जग टाळ्या वाजवतंय. मी हॉटेलच्या खोलीत एकटीच हसत बसले होते, येड्यासारखी. ते एकमत म्हणजे काय होतं, हे आज कळलं. आम्ही दोन वाचक नव्हतोच. एकाच स्वयंपाकघरातून आलेला एकच वाचक दोन खुर्च्यांवर बसला होता. मसुद्याची परीक्षा झालीच नव्हती. आणि त्या लांबच्या बेटावर, जिथं मी कधी पाय ठेवलेला नाही, त्या दवाखान्यात आम्ही आमचं घर नेऊन बसवलं होतं आणि एक बाई रक्तात पडून त्याची किंमत मोजत होती.

सभागृहाच्या दारात माझी मालकीणबाई ब्रायनी वाट बघत होती. कंपनी तिची, माणसं आम्ही मोजून पाच. हा मसुदा पक्का झाला की आमचा डबा विकायला निघणार, आणि नाही झाला तर ती काय करेल हे ती मला कधी सांगत नाही, पण तिचा चेहरा सांगतो. "आलीस? ये बाई. गुणगुणायला घसा साफ आहे ना?" ती म्हणाली. आमच्या बैठकीत मत गुणगुणून देतात. मी म्हटलं, ब्रायनी, मी विरुद्ध जाणार आहे. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "नायरी, काय झालंय ते आत्ता सांग." मी सांगितलं, जेवढं दारात उभ्या उभ्या सांगता येतं तेवढं, लग्नाचंसुद्धा. "बारीकसं काहीतरी आहे, मागाहून दुरुस्त करू," ती म्हणाली. "मागाहून कोणी करत नाही," मी म्हटलं, "तुलाही माहितीय. एकदा पक्का झाला की चूक हाच नियम होतो." "पाच जणांची घरं चालतात गं त्यावर." "तिकडे एक बाई होडीत घातली होती." ती म्हणाली, "मी तुला थांबवणार नाही. पण मी तुझ्या बाजूनं गुणगुणणारही नाही, राग मानू नकोस." मला राग आला नाही. तिनं निदान तोंडानं सांगितलं.

आत दीडशे माणसं. फर्गस दोन रांगा पुढं, खिडकीकडे. मानेवरचे केस पांढरे झालेले. सदऱ्याची कॉलर एका बाजूनं आत दुमडलेली, आणि ती उठून सारखी करावी असं माझ्या बोटांना वाटलं. बोटांना अक्कल नसते. मला वाटलं, त्याच्या कानात जाऊन सांगावं, मग दोघं मिळून काय ते ठरवू. पण दोघं मिळून ठरवायचं म्हणजे काय हे मला पुरतं माहीत होतं. मी बोलेन, तो गप्प बसेल, मी वाट बघेन, आणि तेवढ्यात मसुदा पक्का होईल. नाही. आज सगळ्यांच्या देखत. चव्हाट्यावर म्हणतात ना, तसं. मेलेनाइते बोलली, चांगलं बोलली, आणि तिनं म्हटलं होतं तसंच झालं: एका गृहस्थांनी फार गोड आवाजात तिला सांगितलं की दोन स्वतंत्र प्रोग्राम एकसारखं वागतात त्या अर्थी मसुद्याचा अर्थ स्पष्ट आहे, आपण तो पुन्हा एकदा शांतपणे वाचावा. तिच्या नाकपुड्या फुगलेल्या मला इतक्या लांबून दिसल्या.

अध्यक्ष थिओडोराबाई होबार्टच्या. बैठकीत विणकाम करतात आणि एक शब्द सुटू देत नाहीत. आमच्यात मतदान नसतं, हात वर करणं नसतं. ज्याला जे पटतं त्याच्यासाठी त्यानं तोंड मिटून गुणगुणायचं. कुणी किती ते मोजायचं नाही, नुसतं ऐकायचं. नवख्याला हसू येतं. मला ही रीत आवडते, कारण दीडशे माणसांत कुठला आवाज कुणाचा ते कळत नाही, आणि भित्र्या माणसालाही खरं बोलता येतं. थिओडोराबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या. "मसुदा तयार आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी." सभागृहभर एक जाड आवाज उठला आणि माझ्या खुर्चीच्या लाकडातून मला जाणवला. शेजारी ब्रायनी गुणगुणत होती, खाली बघून. मी तोंड मिटून बसले. "आता, तयार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी." पलीकडून मेलेनाइतेचा खणखणीत सूर आला. आणि माझा. दोनच. दोन आवाज असले की लपायला जागा नसते. सगळ्या माना वळल्या. श्वास संपेपर्यंत मी सूर सोडला नाही. फर्गसही वळला. मग त्याच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो मला पाठ होता. त्याला प्रश्न पडला होता आणि तो विचारणार नव्हता.

"नायरी," थिओडोराबाई म्हणाल्या, "तुझाच प्रोग्राम या मसुद्याचा एक खांब आहे. तूच नको म्हणतेस?"

मी माईकपाशी गेले. "नको म्हणते. पोच आली नाही तर काय करायचं हे मसुद्यात नाही. मी जे लिहिलं ते मसुदा वाचून नाही लिहिलं."

"मग दोघांचं जुळलं कसं? तू फर्गसचं पाहिलं होतंस?"

"एक ओळसुद्धा नाही."

"मग?"

"आम्ही अकरा वर्षं नवरा-बायको होतो, थिओडोराबाई."

हशा पिकला. मला तो अपेक्षितच होता, मी तो संपू दिला. "हसा. पण आमच्या घरात निरोपाला पोच द्यायची पद्धत नव्हती. दोघांनाही तेच साहजिक वाटतं. दोन स्वतंत्र वाचक तुम्हाला अजून मिळालेले नाहीत. मेलेनाइते ही दुसरी वाचक आहे, आणि तिचं आमच्याशी जुळत नाही. म्हणजे कागद फुटका आहे." आता कुणी हसत नव्हतं. मागे कुणीतरी खोकलं. थिओडोराबाईंनी फर्गसकडे पाहिलं. "फर्गस, तुझं काय म्हणणं?"

तो काही बोलला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि नुसता उभाच राहिला. थिओडोराबाई थांबल्या, सभागृह थांबलं. माझ्या सगळ्या अंगाला ती शांतता ओळखीची होती. तिच्यात मी अकरा वर्षं राहिले होते, डोळे मिटून चालता येईल इतकी माझी. जरा वेळ मीसुद्धा तिच्यात जाऊन बसले. मग मला ती असह्य झाली. खरंच असह्य, दात आवळले जातील अशी.

"फर्गस," मी माईकमधून म्हटलं, "तुला विचारलंय. पोच आली नाही तर तुझा प्रोग्राम किती वेळ वाट बघतो?"

"मर्यादा घातलेली नाही," तो म्हणाला.

"का नाही घातलीस?"

त्यानं मजकूर शोधत असल्यासारखं समोरच्या टेबलावर पाहिलं. "घालावीशी वाटली नाही." आणि मग, माझ्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "मला वाटायचं, येईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, येऊ दे. मीही तेच लिहिलं होतं. हेच, शब्द न् शब्द. "नाही येत, फर्गस," मी म्हटलं. "तीनदा विचारायचं. नाहीच आली तर जागा मोकळी करायची. दुसऱ्या कुणाला तरी ती हवी असते." तो मान हलवून खाली बसणार होता, अर्धा वाकलाही, मग पुन्हा सरळ झाला आणि मोठ्यानं, नीट, अध्यक्षांकडे तोंड करून म्हणाला, "हो. तिचं बरोबर आहे. माझाही प्रोग्राम या परीक्षेत धरू नका."

थिओडोराबाईंनी पुन्हा विचारलं. मसुदा परत पाठवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी. आवाज उठला आणि वाढत गेला. शेजारी ब्रायनीनं कपाळाला हात लावला होता आणि तशीच, डोळे मिटून, गुणगुणत होती. मला माझा सूर त्यात ऐकू येईना. मी खाली बसले आणि मेलेनाइतेला हाक मारून म्हटलं, "ये इकडे. वाक्य तू सांग, मी लिहिते. तुला विचारल्याशिवाय मला त्यातलं काही गृहीत धरू देऊ नकोस."